कॉम्प्युटरला 'पळोवया' कळत नाही

कोरगावात बारा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवतेय. किस्से साठतात ते कीबोर्डात पावाचा चुरा साठतो तसे. रोज दिसत नाहीत, उलटा करून आपटला की भसाभस पडतात.

*

पहिल्या तासाला सगळे हेच विचारतात. "टीचर, आपल्याला दहा आकडे लागतात, मग याला शून्य आणि एक दोनच कसे पुरतात?"

मी सांगायचे, आत बारीक बटणं आहेत. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. पोरं मान डोलवायची, कळायचं कुणालाच नाही.

समजावलं ते दामूकाकांनी. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवून निवृत्त झालेले, साठीत शिकायला आलेले. म्हणाले, "डिझेलचा काटा खड्ड्यात हलता. मालक म्हणायचा अर्धी टाकी, मी म्हणायचो पाव. रोज भांडण. हॉर्नवरून कधी भांडण झालं नाही. वाजता, नाहीतर वाजना."

माझी वीस मिनिटं त्यांनी पाच वाक्यांत संपवली. आता मीही हॉर्नच शिकवते.

*

एकदा व्होल्टेज उतरलं, बल्ब लालसर झाला. मी संधी साधली. "हा उजेड आता दहातला सहा की सात, सांगता येईल? पण पेटलाय की नाही, ते येतं ना?"

"म्हणजे टीचर," सुनंदावहिनी म्हणाल्या, "हे मशीन शोधून काढणारा आमच्या गावात राहून गेलाय."

*

याच सुनंदावहिनी. बचतगटाची पत्रं टाइप करायला शिकत होत्या. "उद्या येणार?" विचारलं की उत्तर एकच, "पळोवया." म्हणजे बघूया. आमच्याकडे ते हो असतं, नाही असतं, आणि बहुतेक वेळा समोरच्याचं मन राखणं असतं.

एक दिवस मी चिडले. "वहिनी, कॉम्प्युटरला पळोवया कळत नाही. एक सांगा नाहीतर शून्य."

"म्हणूनच त्याका कोण जेवायला बोलवत नाही," वहिनी म्हणाल्या.

*

आणि प्रतीक्षा. माझी सगळ्यात हुशार पोर. बेंगळुरूच्या कंपनीत नोकरी लागली. संध्याकाळी पाचपर्यंत मेल करून हो कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि तिचे बाबा, दत्तारामभाऊ, महिनाभर एकच म्हणत होते, "पळोवया."

भाऊ देवाचा कौल घेतल्याशिवाय काही करत नाहीत. मूर्तीला फुलाच्या ओल्या कळ्या लावायच्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. एकदा डावा प्रसाद झाला म्हणून त्यांनी आखलेली विहीर खणली नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मलाही देवळात नेलं. भाऊंनी डोळे मिटून मनातच प्रश्न विचारला. अर्धा तास कळी हलेना. प्रतीक्षा माझा हात इतका घट्ट धरून होती की माझ्या बांगडीचा वळ उठला.

कळी पडली. डावीकडची.

प्रतीक्षा रडली नाही, नुसती खाली बघत राहिली. मला देवाचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

भाऊ कळीकडे बघत होते. मग आपल्या चेडवाकडे, लेकीकडे बघितलं. मग भटजींना म्हणाले, "नाही म्हणतो देव. मी विचारलेलं, चेडू घरातच ठेवू काय?"

पाचाला वीस मिनिटं कमी असताना देवळातूनच, फोनवरून होकाराचा मेल गेला.

परतताना पायऱ्यांवर प्रतीक्षाने विचारलं, "बाबा, खरंच तसंच विचारलेलं?"

भाऊ चपला शोधत होते. म्हणाले, "पळोवया."