केरबाचं नाव

उद्यमनगरात जाऊन कुणालाही विचारा, दादूचं वेल्डिंगचं दुकान कुठं? चहावाला बोट दाखवेल, लेथवाला हातातलं काम टाकून सोबत येईल. पण केरबा कुठं असतो म्हणून विचाराल, तर लोक तुमच्याच तोंडाकडं बघत बसतील. आता गंमत बघा, हे दोघं म्हणजे एकच माणूस.

केरबा बोलताना अडखळायचा. बाकीचं कसंबसं निघायचं, स्वतःचं नाव मात्र घशातच बसायचं. आणि आमची कोल्हापूरची माणसं, काय सांगावं! जीव लावतील, पण दम धरणं ठाऊक नाही. समोरचा अडकला की त्याचा शब्द हेच पुरा करणार, तेही बोंबलून. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी नाव विचारलं आणि हा पहिल्याच अक्षरावर थांबला, की अख्खा वर्ग ओरडायचा. त्याची त्यानं धास्तीच घेतली. गडमुडशिंगीहून पहिल्यांदा कामाला आला, मालकानं नाव विचारलं, तेव्हा जिभेवर जे सहज आलं ते सांगून मोकळा झाला, "दादू." सुटला बिचारा! सुटला कसला, जन्माचं लचांड गळ्यात घेतलं.

कारण गावात आई होती. धोंडुबाईनं हौसेनं सासऱ्याचं नाव पोराला ठेवलेलं. सून म्हणून आली तेव्हा त्या म्हाताऱ्यानं तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. पुढं पोरानं स्वतःचं दुकान टाकलं, ती कौतुकानं बघायला आली, आणि पाटीवर 'दादू' वाचून जागीच थांबली.

"आज्ज्याचं नाव गावंढळ वाटतंय व्हय रं? शहरात लाज वाटती?"

केरबानं तोंड उघडलं. शब्द यायच्या आत ती पाठ फिरवून गेली. त्यानंतर तिनं दुकानात पाऊल टाकलं नाही, आणि विषयही काढला नाही. खरं कारण तिला कळलं कसं नाही, म्हणाल. अहो, घरात स्वतःचं नाव सांगायची वेळ येते का कुणावर? आणि पोरगं अडखळतंय हे घरात बोलायचंच नाही. 'जरा अबोल हाय,' म्हणायचे की संपलं. असल्या अबोलपणात वर्षंच्या वर्षं गेली.

चाळिशीत केरबाला मधुवंती मॅडम भेटल्या. अडखळणाऱ्या माणसांना त्या दर रविवारी राजारामपुरीत एकत्र बसवायच्या, बोलतं करायच्या. एकदा त्यांनी हॉल घेऊन कार्यक्रम ठरवला. वेगळेपण घेऊन जगणाऱ्यांनी आपली गोष्ट लोकांसमोर सांगायची. "दादू, तुम्हीही बोलायचं," त्या म्हणाल्या. केरबा स्वतः गावाला गेला आणि आईला म्हणाला, "चल." ती आली, पण रुसलेलीच.

त्याच्या आधी कोड असलेली एक पोरगी बोलली, एक अंध मास्तर बोलले. मग केरबा माईकसमोर उभा राहिला.

"माझं नाव..."

पुढं काही येईना. पहिल्या रांगेत शेजारच्या गाळ्यातला सम्राट बसलेला. त्याला कुठलं राहवतंय! "दादू!" तो ओरडला. हॉल प्रेमानं हसला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. इतकी वर्षं केरबानं तेच तर केलं होतं. पण त्यानं हात वर केला, थांबा म्हणून. हसणं विरलं. त्याचा जबडा आवळला, कपाळावर घाम फुटला. बघणाऱ्यांनाच नको झालं.

"क... के... केरबा. हे मला म्हणता येत न्हवतं. म्हणून मी दादू झालो. आई, मला नावाची लाज न्हवती गं. जिभेची हुती."

बाकीचं भाषण तो विसरूनच गेला. टाळ्या वाजत असतानाच खाली उतरला, तर धोंडुबाई वाटेतच उभी. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"एवढंच हुतं व्हय? आन् मी मामंजींच्या फोटोफुडं रोज तुझ्या वाटणीची माफी मागितली की रं. आधी का न्हाय सांगितलंस?"

केरबा सांगायला गेला आणि पुन्हा पहिल्याच अक्षरावर अडकला. मागून आलेल्या सम्राटनं मदतीला तोंड उघडलं.

"गप ऱ्हावा, पावणं," धोंडुबाई कडाडली. "बोलू द्या त्याला. मला घाई न्हाय."