वकीलकाकांची फी

कोर्टाचं समन बाबांच्या नावाने आलं, तेव्हा बाबांना जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं.

देवासच्या माझ्या घराच्या फाटकाशी मोटरसायकल लावून कोर्टाचा माणूस उभा होता. "बाबूजी घर पे हैं?" त्याने विचारलं. ते राहिले नाहीत म्हटल्यावर त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं. तो कागद परत न्यायला निघाला होता. मी म्हटलं, एकदा वाचू तर दे.

दावा धारच्या कोर्टात होता. बदनावरच्या दुकानाची केस लढवली, जिंकून दिली, ठरलेली फी मात्र मिळाली नाही, असं त्यात लिहिलं होतं. दावा लावणाऱ्याचं नाव मी दोनदा वाचलं. ते आमचे वकीलकाका होते.

"मैं लिख देता हूँ कि फौत हो गए," कोर्टाचा माणूस म्हणाला. "आप पेशी पे जाके प्रमाण-पत्र दे देना, दीदी."

वकीलकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र. धारमधली आमची दोन्ही घरं जुनी दरबारी मराठी मंडळींची. त्यांचे आजोबा आणि माझे पणजोबा एकाच कचेरीत होते म्हणे. बाबा पुढे पाटबंधारे खात्यात लागले, काका वकील झाले. बदनावरला मंडीजवळ आमचं एक दुकान होतं आणि भाडेकरू ते सोडत नव्हता. ती केस काकांनी घेतली आणि ती वर्षानुवर्षं चालली. पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, दिवशी दोघं सकाळच्या बसने बदनावरला जायचे. काका काळा कोट हातावर टाकून, बाबा डब्याची पिशवी घेऊन. पुष्कळदा पुढची तारीख मिळायची आणि दोघं संध्याकाळी हसत परत यायचे. आई वैतागायची. "केस हरलो की जिंकलो ते तरी सांगा!" बाबा म्हणायचे, "अगं, आज साहेबच सुट्टीवर होते. मग आम्ही कचोरी खाल्ली."

फीचं काय, असं आई विचारायची. "केस संपू दे, मग बघू," असं काका म्हणतात, एवढंच बाबा सांगत. केस संपली, दुकान ताब्यात आलं, विकलंही. पुढे आई गेली, बाबांचं दुखणं वाढलं आणि मी त्यांना देवासला माझ्याकडे घेऊन आले. फी दिली गेली होती का, मला माहीत नव्हतं. पण काका बाबांच्या अंत्ययात्रेला आले होते. त्या वयात, लेकाच्या वयाच्या माणसांना बाजूला सारून त्यांनी खांदा दिला होता. आणि आता त्याच माणसाने बाबांवर दावा लावला होता, तोही ते जिवंत असल्यासारखा.

मला फार राग आला. एक फोन केला असता तर मी काय नाही म्हटलं असतं? काकांना फोन करायचाच नाही, असं मी ठरवलं. धारला माझी एक जुनी विद्यार्थिनी वकिली करते. तिला सगळं सांगितलं. ती मराठी घरातलीच, पण बोलताना अर्धी हिंदीत. "मॅडम, ये तो केसच नाही," ती म्हणाली. "मेलेल्या माणसावर दावा चालत नाही. सर्टिफिकेट लावू, पहिल्याच पेशीत खारिज."

"त्याआधी मला बोलायचंय," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

पेशीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर काकू दिसल्या. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी नमस्कार न करताच आत गेले.

काका उभे होते. किती वाळले होते! कोट खांद्यावरून उतरत होता, गळ्याला पांढरा बँड होता. स्वतःच्या खटल्यात वकिलाने तो लावायचा नसतो, पण त्यांना कुणी टोकलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि माझ्या पाठीमागे, दाराकडे बघत राहिले.

माझ्या वकिलीणबाईंनी मृत्यूचा दाखला पुढे केला. न्यायाधीश तरुण होते. कागद पाहून ते म्हणाले, "वकील साहब, प्रतिवादी तो अब नहीं रहे."

"ऑब्जेक्शन, सर," काका म्हणाले. आवाज तोच होता, कोर्टभर पोचणारा. "हाजिरी से बचने का ये पुराना तरीका है. मैं उनको बचपन से जानता हूँ. उनको बुलवाया जाए."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी तिकडे पाहिलं, हसू थांबलं. "बुलवाकर आप क्या चाहते हैं?" त्यांनी विचारलं.

काकांनी गळ्यातला बँड सरळ केला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मी बसस्टँडवर वाट बघत राहतो गं. बस निघून जाते. बदनावरची पेशी आहे आणि हा येतच नाही. निरोप पाठवले, उत्तर नाही. आता कोर्टानेच बोलावल्यावर तरी येईल ना?"

न्यायाधीशांना मराठी येत नव्हतं. पण त्यांनी मला अर्थ विचारला नाही.

सगळ्यांसमोर बोलायचं ठरवून आले होते, ते मी सोडून दिलं. वकिलीणबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मॅडम, खारिज करवून घेऊ?" मी मानेनेच नको म्हटलं. न्यायाधीशांनी काकांना विचारलं, "अगली तारीख दे दूँ, साहब?" काकांचा चेहरा उजळला. "दे दीजिए, सर."

बाहेर काकूंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुझे बाबा गेले हे त्यांना एकदा मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "असे रडले गं, की पहिल्यांदाच ऐकतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट चढवून बसस्टँडवर. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं. मग मी सांगणंच सोडलं. दिवसभर काही लिहीत बसायचे, मी म्हटलं लिहू दे, जीव रमतोय. कोर्टात जुनी ओळख, कुणी टाइप करून दिलं, कुणी लावून दिलं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुला फोन करायची लाज वाटली."

"आणि फी, काकू?"

"कसली फी? दुकान विकलं तेव्हा तुझे बाबा पाकीट घेऊन आले होते. ह्यांनी ते त्यांच्याच खिशात कोंबलं, आणि दोघं भांडले."

पुढच्या पेशीला मी पुन्हा धारला गेले. बाबा का आले नाहीत असं काकांनी विचारलं, तर बरं नाही म्हणून सांगायचं, असं काकूंशी ठरलं होतं. पण काका त्या दिवशी वेगळेच होते. शांत, थोडे थकलेले. पुकारा झाल्यावर त्यांनी विरुद्ध बाजूने दाखल केलेला कागद बघायला मागितला. कुठलाही वकील मागेल, तसाच.

दाखला हातात आला. त्यांनी चष्मा पुसला. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, पत्ता वाचला. शिक्का बोटाने तपासला, कागद उजेडाकडे धरला. कोर्टात सगळे थांबले होते. मला वाटलं, पुढे होऊन तो कागद ओढून घ्यावा.

"दस्तावेज असली है, सर," ते म्हणाले. "मुझे स्वीकार है. प्रतिवादी फौत हो चुके हैं." त्यांनी दाखला परत केला. "मैं दावा वापस लेता हूँ."

रीडरने, कोर्टाच्या कारकुनाने, दाखवलं तिथे त्यांनी सही केली. मग ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"काका, तुम्ही आला होतात. खांदा दिला होतात तुम्ही."

"हो का?" ते म्हणाले. "बरं झालं. मग बरं झालं." आणि लहान मुलासारखे माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले. काकू आत धावत आल्या, पण त्यांनी आम्हाला वेगळं केलं नाही.

त्यानंतर ते विसरले नाहीत. कसं कोण जाणे, बाकी सगळं पुसत गेलं, काकूंचं नावसुद्धा, पण हे एवढं राहिलं. कोट पुन्हा मागितला नाही, सकाळी फाटकाबाहेर पडले नाहीत. काकू फोनवर म्हणायच्या, "कोर्टात भांडायचे तेच बरे होते गं. आता नुसते बसून असतात." मी अधूनमधून जात असे. माझ्याकडे बघून ते हसायचे, पण मी कोण हे त्यांना सांगता यायचं नाही. पावसाळा संपता संपता ते गेले.

तेराव्याला मी धारला गेले. पाहुणे पांगल्यावर काकूंनी मला थांबवून घेतलं. कुणी नसल्यामुळे स्वयंपाकघरात जमिनीवरच दोघी बसलो. त्यांनी माझ्या पानात भात वाढला, वरण वाढलं.

"तुझ्या बाबांचा मला फार राग यायचा," त्या एकदम म्हणाल्या. "माझं आयुष्य गेलं ह्या दोघांच्या मागे डबे भरण्यात. पोरींची लग्नं, आजारपणं, ह्यांना सवड कधी नव्हती. पण तुझ्या बाबांनी हाक मारली की चालले."

"माझी आईही हेच म्हणायची," मी म्हटलं.

"म्हणायची?" काकूंनी विचारलं. "कधी बोलली नाही मला." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मग तुपाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.