बदलीची फेरी

त्या मंगळवारी बेटांची फेरी माझी होती. मी ती माझ्या मित्राला दिली, कारण मला तुबलीला जाऊन गॅरेजमधून गाडी आणायची होती. कारण एवढंच. पुढे कितीदा तरी वाटलं, निदान मूल आजारी असतं, घरी कुणी येणार असतं, तर सांगताना जरा बरं वाटलं असतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बहारीनमधल्या आमच्या छोट्या कंपनीकडे धावपट्टीवरून उडून पाण्यावर उतरू शकणारी दोन विमानं होती, आणि ती चालवणारे आम्ही तिघे. एक इंग्रज साहेब, तोच मॅनेजर. दुसरा माझा मित्र, रायगडच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान, माझ्याहून थोडा मोठा. आणि मी, पुण्याचा. मुहर्रकला विमानतळाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आमचं ऑफिस होतं. तिथून दक्षिणेकडच्या बेटांवर माणसं आणि सामान पोचवायचं. बेटांवर एक पोलीस चौकी, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्लँट आणि थोडे मजूर. आम्ही भाजी नेत असू, औषधं, टपाल, जनरेटरचे सुटे भाग. एकदा दोन बकऱ्याही नेल्या होत्या.

आदल्या दिवशी मी त्याला विचारलं, तेव्हा तो ऑफिसच्या पायरीवर बसून पाव-अंडं खात होता.

"उद्याची माझी फेरी घेशील? गॅरेजवाला म्हणतोय उद्या ने, नाहीतर पुढच्या आठवड्यात, इंशाल्ला."

"त्याचं इंशाल्ला म्हणजे महिना," तो म्हणाला. "जा तू. घेतो मी."

त्याने वर बघितलंही नाही. आम्ही अशा फेऱ्या नेहमीच बदलत असू.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेल्या माणसाचे नुसते पाय दिसत होते आणि मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. गॅरेजचा फोन वाजला. माझ्यासाठी होता. पलीकडे बायको. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

"ऑफिसातून फोन आला होता. बेटाजवळ विमान उलटलंय."

ऑफिसातल्या क्लार्कच्या डोक्यात फेरी माझीच होती, म्हणून त्याने पहिला फोन झिंजला, आमच्या घरी केला. बायकोने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "ते नाहीत त्यात, ते तुबलीला आहेत," असं ती म्हणाली. मग त्याने विचारलं, "मग कोण आहे?"

हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. "मी ते आनंदाने म्हटलं हो," ती म्हणाली. "चक्क आनंदाने. आणि मग माझ्या लक्षात आलं की आता तो तिला फोन करणार." तिला, म्हणजे मित्राच्या बायकोला. आमच्या घरात हे ओझं मी एकट्याने वाहिलं असं मी समजत होतो, पण तसं नव्हतं.

झालं होतं ते असं. आधीचे काही दिवस शमाल, म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा, जोरात वाहिला होता. बेटांभोवतीचा समुद्र उथळ. वारा झाला की पाण्याखालच्या वाळूच्या पट्ट्या जागा बदलतात. तो धक्क्याजवळ, नेहमीच्या जागी उतरला. विमानाखालचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा पोकळ पाय, नव्या पट्टीला अडकला आणि विमान नाकावर पालथं झालं. पाणी कमरेएवढंच होतं. प्लँटवरचे दोन कामगार आणि एक पोलीस शिपाई चालत किनाऱ्याला आले. त्यांना नुसतं खरचटलं होतं. त्यांना बाहेर ढकलून हा शेवटी निघाला, आणि पाण्यात उभं राहायला गेला तर उभं राहता येईना. पाठीचा मणका दबला होता.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेलो. तो पाठीवर सरळ निजला होता, मान हलवायची नव्हती, म्हणून मी त्याच्या डोळ्यांसमोर वाकून उभा राहिलो.

"गाडी मिळाली का?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. त्याची बायको पलीकडे बसली होती. तिने मला खुर्ची दिली, वर संत्रं सोलून दिलं. मी ते हातातच धरून बसलो.

तो चालायला लागला, पण मेडिकल काही पास होईना. उडणं बंद झालं. साहेबांनी त्याला सोडलं नाही. रेडिओवर बसवलं. वारा कुठून आहे, लाटा किती आहेत, बेटावर कोण वाट बघतंय, हे तो आम्हाला सांगायचा. त्याच्या वाटणीच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या. रोज सकाळी हेडफोन लावला की पहिला आवाज त्याचा. स्पष्ट, कामापुरता, कधी चिडका नाही. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

एक विचार मी कुणाजवळ बोललो नाही. मी पहिल्यापासून भित्रा. बेटावर जाताना मी लांब, खोल पाण्यात उतरायचो आणि मग विमान हळूहळू धक्क्यापर्यंत न्यायचो. तो मला चिडवायचा, "बस स्टॉप यायच्या आधीच उतरतो हा." त्या मंगळवारी मी गेलो असतो, तर लांबच उतरलो असतो. ती पट्टी मला लागलीच नसती. त्याच्या जागी मी जखमी झालो असतो असं नाही. कुणालाच काही झालं नसतं.

मग मी सेवा सुरू केली. दुसरा शब्द नाही त्याला. तो मुहर्रकच्या जुन्या भागात राहायचा. मी रोज झिंजहून पूल ओलांडून त्याला न्यायला जायचो, तेही त्याच गाडीतून. काम संपलं की परत सोडायचो. गॅसचा सिलिंडर मी चढवायचो, बाजार मी आणायचो. शुक्रवारी माझी बायको त्यांच्याकडे डबा पाठवायची. त्याच्या बायकोने एकदा दारातच म्हटलं, "भाऊ, इतकं नका हो करू. आम्हाला परत काय पाठवायचं ते सुचत नाही." मी हसून पिशव्या आत ठेवल्या.

असं पुष्कळ महिने चाललं. एका दुपारी त्याला घरी सोडताना मी विचारलं, "पाठ कशी आहे?"

"गाडी बाजूला घे," तो म्हणाला.

मला वाटलं कळ आली. एका बंद दुकानासमोर मी गाडी थांबवली.

"उद्यापासून मला न्यायला येऊ नकोस."

"का? काय झालं?"

"तू रोज सकाळी मयतीला आल्यासारखं तोंड करून दारात उभा राहतोस. मग मला आधी तुला हसवावं लागतं. मी चांगला आहे, असं दाखवावं लागतं. अरे, मी नाही चांगला. मला उडता येत नाही. मला राग येतो, रडू येतं. पण तू समोर असलास की मी ते करायचं कसं?"

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं म्हणून..."

"तुझ्यामुळे नाही झालं. हे मी तुला किती वेळा सांगू? आणि समज, झालं तुझ्यामुळे. तरी ते रोज मीच का पुसत बसायचं?"

एसीचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चल, यल्ला, ती जेवायची थांबली असेल." मी त्याला घरी सोडलं. उतरताना मी हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. दाराला धरून उतरला.

दुसऱ्या दिवसापासून तो शेअर टॅक्सीने यायला लागला. मला आधी राग आला. एवढं केलं त्याचं, आणि हे. मग त्या रागाचीच लाज वाटली. तो आठ दिवस रेडिओवर कामाशिवाय एक शब्द बोलला नाही, आणि मीही नाही. मग एकदा साहेबांवरून मी काहीतरी कुरकुर केली, अगदी सहज, आणि तो खूप हसला. त्या अपघातानंतर मी त्याच्याजवळ कसलीच तक्रार केली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मला हक्क नाही असं वाटत होतं.

त्या हिवाळ्यात त्याने स्वतःहून विचारलं, "एकदा मला बेटावर नेशील? पॅसेंजर म्हणून." साहेब हो म्हणाले. मला रात्रभर झोप नव्हती. मी वारा तीनदा तपासला, जो मला तोच सांगत असे.

तो शेजारच्या सीटवर बसला, पाठीमागे उशी घेऊन. हात मांडीवर ठेवले होते आणि कुठे काय करायचं ते त्याची बोटं आपोआप करत होती. मी लांब पाण्यात उतरलो. ह्या वेळी त्याने चिडवलं नाही. पाण्यावरून सावकाश धक्क्याकडे जाताना त्याने त्या जागेकडे पाहिलं. तिथे आता काहीच नव्हतं, नुसतं हिरवट पाणी.

धक्क्यावर त्या दोघा कामगारांपैकी एकजण उभा होता. त्याने ह्याला ओळखलं आणि दोन्ही हातांनी ह्याचा हात धरून ठेवला. चहाला नेलं. मला वाटलं आपणही जावं. पण गेलो नाही. खोकी उतरवत राहिलो. शेडच्या सावलीत ते दोघं बसलेले दिसत होते. तो कामगार हातवारे करून काही सांगत होता, बहुधा ते पालथं विमान. आणि माझा मित्र ऐकत होता. मध्येच त्याने डोळे पुसले. मी तिकडे पाठ केली.

परतताना मला वाटत होतं की तो आता काहीतरी बोलेल, ज्याने माझं मन हलकं होईल. काय, ते माहीत नव्हतं, पण मी वाट बघत होतो. त्याला बोलतं करावं म्हणून मी वाऱ्याबद्दलही काही विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहिलं, तर खिडकीला डोकं टेकून तो झोपला होता, तोंड थोडं उघडं, उशी खाली घसरलेली.

मी विमान जमेल तितकं स्थिर ठेवलं, आणि मुहर्रकला चाकं टेकेपर्यंत त्याला उठवलं नाही.