अस्वलांचा पत्रव्यवहार

सदानंद टिपणीसांनी आयुष्यात एकच अस्वल पाहिलं होतं. तेही शाळेत असताना, भोरच्या बाजारात, दरवेशाच्या दोरीला बांधलेलं. तरीही शहाण्णव साली काळ्या अस्वलाची शिकार कशी करतात हे आखातातल्या अख्ख्या फुजैरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

टिपणीस तिथल्या एका बंकरिंग कंपनीत ॲडमिन ऑफिसर होते. खोल समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना तेल पुरवायचं, हा कंपनीचा धंदा. आदल्या वर्षी मुलगी इरा दहावी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला घेऊन बायको विभावरी पुण्याला गेली. मागे राहिले टिपणीस आणि दोन खोल्यांचा फ्लॅट. समोर समुद्र, पाठीशी उघडेबोडके काळे डोंगर. गावात मराठी घरं पाच-सहा, तीही बायकामुलांची. एकट्या पुरुषाला किती वेळा जेवायला बोलावणार? सुरुवातीला बोलावलं, मग राहिलं.

कंपनीचे मालक सैफ. सगळे त्यांना अरबाब म्हणत. बहिरी ससाणा घेऊन वाळवंटात शिकारीला जायचा त्यांना पहिल्यापासून नाद. एकदा एका कॅनेडियन जहाजाच्या कप्तानानं त्यांना स्वतः मारलेल्या अस्वलाचा फोटो दाखवला, आणि अरबाबच्या डोक्यात अस्वल शिरलं. कप्तानानं आपल्या गावाकडच्या एका वाटाड्याचा फॅक्स नंबर दिला. वाटाड्याचं नाव गिल्बर्ट. अरबाबनी तो कागद टिपणीसांच्या टेबलावर ठेवला.

"सदानंद, इसको लिखो. सब पूछो."

टिपणीसांनी सगळं विचारलं. नेमका माणूस, जहाजाच्या कागदपत्रांत एक स्वल्पविराम सुटायचा नाही, तर अस्वलात कसा सुटेल? गिल्बर्टही तसाच निघाला. एका प्रश्नाला चार पानं फॅक्स यायचा, हातानं लिहिलेला, तिरक्या अक्षरात. टिपणीस तो वाचून टिपणं काढत आणि सकाळच्या गाव्याबरोबर, म्हणजे अरबी कॉफीबरोबर, अरबाबना समजावून सांगत.

"अस्वलाची नजर बेताची, अरबाब, पण नाक जबर. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असला तर त्या दिवशी मचाणावर चढायचंच नाही."

"अच्छा."

"आणि अत्तर बंद. ऊदाचा धूरसुद्धा. कपडे बिनवासाच्या साबणानं धुवायचे."

अरबाबनी कप खाली ठेवला. "ऊद भी नहीं?"

"आठ दिवस आधीपासून."

गिल्बर्ट जंगलात एका ठिकाणी लोखंडी पिंप बांधून ठेवी आणि त्यात शिळे गोड पाव, काकवी, तळणीचं जुनं तेल असलं आमिष घाली. पिंपाचा दुसरा उपयोग मोजायला. चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ आडव्या पिंपाच्या वर गेली, तर जनावर मोठं. कानांवरूनही कळतं: कान मोठे दिसले तर अस्वल लहान, आणि कान बारके, डोक्याच्या दोन बाजूंना लांब गेलेले दिसले तर समजावं, हे जुनं धूड आहे. मागून पिल्लं येतायत का, हे आधी पाहायचं. घाई करायची नाही. जनावर आडवं उभं राहून पुढचा पाय पुढे टाकेल तेव्हा खांद्याच्या लगेच मागे नेम धरायचा. डोक्यावर कधीच नाही. आणि गोळी झाडल्यावर अर्धा तास मचाणावरून उतरायचं नाही.

पिंपांना फुजैरात काय तोटा? टिपणीसांनी यार्डात एक पिंप आडवं टाकून घेतलं. ऑफिसचा ड्रायव्हर मुश्ताक, दापोलीचा, अंगानं चांगला भरलेला. तो त्याच्याशेजारी हातापायांवर उभा राहिला. शंभर पावलांवरून अरबाब दुर्बिणीतून पाहत होते.

"छोटा है," अरबाब म्हणाले.

"साहेब," मुश्ताक जमिनीकडे बघतच म्हणाला, "घरी बायकोला सांगू नका. आधीच ती मला अस्वल म्हणते."

त्या दिवशी टिपणीस पोट धरून हसले. विभावरी गेल्यापासून असं हसणं पहिल्यांदाच झालं होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं.

जूनमध्ये अरबाब जाऊन आले. अस्वल मिळालं. मचाणावर सलग सहा संध्याकाळी डास चावून घेत निश्चल बसले, पहिल्या दोन अस्वलांना जाऊ दिलं, तिसरं कानांवरून ओळखलं. "काम तुम्हारा," ते टिपणीसांना म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी घोडे घेतले आणि अस्वल विसरले.

सप्टेंबरात गिल्बर्टचा फॅक्स आला. तुमच्या साहेबांना शिकार आवडली का, असं त्यानं विचारलं होतं. टिपणीसांनी उत्तर लिहिलं: आवडली. इथंच थांबायचं होतं. पण कागद बराच कोरा राहिला होता, म्हणून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "थंडीत अस्वलं काय करतात, हे मिस्टर सैफ जाणून घेऊ इच्छितात."

पाच पानं आली. मादी गुहेत अर्धवट झोपेतच जानेवारीत विते, पिल्लं मुठीएवढी असतात, बर्फाला कान लावून ऐकलं तर त्यांची गुरगुर ऐकू येते. टिपणीसांनी ती पानं घरी नेली. शुक्रवारी दुपारी वरणभात खाऊन पुन्हा वाचली.

मग तसंच चालू राहिलं. मिस्टर सैफ विचारतात की ओल्या मातीतला ठसा किती जुना हे कसं ओळखायचं? मिस्टर सैफ विचारतात, जखमी अस्वल पाण्याकडे जातं हे खरं का? सत्त्याण्णव गेलं, अठ्ठ्याण्णव गेलं. गिल्बर्ट आता आपल्या गुडघ्याबद्दल लिही, आपल्या ओढ्याबद्दल लिही. टिपणीस सकाळी ऑफिसात शिरले की आधी फॅक्सच्या ट्रेकडे बघत. आणि पुण्याला फोन लावला की विभावरी विचारी, "जेवलात का?" इरा म्हणे, "बाबा, कॅन आय टॉक लेटर? आय हॅव क्लास." बोलायला काही उरत नसे.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये एक छोटा फॅक्स आला. "मिस्टर सैफ एवढं विचारतात म्हणजे या वर्षी नक्की येणार. जूनचा पहिला आठवडा आणि सगळ्यात चांगलं मचाण मी त्यांच्यासाठी राखून ठेवलं आहे. दोन जर्मन मागत होते, त्यांना नाही म्हणालो. तारीख कळवा."

दोन दिवस टिपणीसांनी तो कागद खिशात घेऊन काढले. मग अरबाबच्या खोलीत गेले.

"अरबाब, यंदा अस्वल...?"

"खलास. अब घोडा."

"बसू का मी?" टिपणीसांनी विचारलं. इतक्या वर्षांत ते त्या खोलीत आपणहून कधी बसले नव्हते. बसले आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना हिंदी सुटून मधेच मराठी येत होती.

अरबाबच्या हातातली जपमाळ थांबली.

"मेरे लेटरहेड पर?"

"हो."

"मेरे नाम से. तीन साल." त्यांनी खिडकीतून बाहेर नांगरलेल्या जहाजांकडे पाहिलं. "वो आदमी जागा रखके बैठा है, सदानंद. शिकारी का सीझन छोटा होता है." मग आवाज न चढवता म्हणाले, "आज लिखो. सच लिखो. नीचे मेरा नाम नहीं, तुम्हारा."

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं टिपणीसांना वाटलं. खाली येऊन त्यांनी साध्या कागदावर सात ओळी लिहिल्या, माफी मागितली, सही केली आणि फॅक्स लावला.

उत्तर आलं नाही. जून गेला, ऑगस्ट गेला. ट्रेमध्ये कोटेशनं येत आणि टिपणीस ती फाइलला लावत. एका शुक्रवारी फोनवर विभावरीनं विचारलं, "आवाज असा का येतोय? बरं वाटत नाहीये का?" टिपणीसांनी काही बेत नसताना तिला सगळं सांगितलं. गिल्बर्ट, बर्फाखालची पिल्लं, त्याचा गुडघा, राखून ठेवलेलं मचाण. लाइन तुटली की काय, म्हणून त्यांनी दोनदा हॅलो केलं.

"आहे मी," विभावरी म्हणाली. "तीन वर्षं तुम्ही त्या माणसाला पानंच्या पानं लिहीत होतात?"

"हो."

"मला यातलं एक अक्षर कधी लिहिलं नाहीत."

"तुला अस्वलांत काय गोडी, असं वाटलं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

फोन ठेवल्यावर टिपणीस कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, पार टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

ऑक्टोबरात पोस्टानं एक पाकीट आलं. वर "मिस्टर टिपणीस" असं लिहिलेलं, स्पेलिंग चुकीचं. आत अर्धं पान. "मी रागावलो होतो. जर्मन दुसऱ्याकडे गेले, ते आता परत येणार नाहीत. पण एक कळत नाही. शिकार करायची नव्हती, तर मला एवढं सगळं का विचारत होतात?"

टिपणीसांनी चार मसुदे केले आणि फाडले. ऑफिसची इंग्रजी भाषा इथं उपयोगाची नव्हती. पाचव्या कागदावर लिहिलं, "इथे मी एकटा राहतो. तुमचं पत्र आलं की त्या दिवशी कोणीतरी माझ्याशी बोललं असं वाटायचं." तेवढंच पाकिटात घातलं.

पूर्वीसारखी पानं पुन्हा कधी आली नाहीत. डिसेंबरात मात्र एक नाताळचं कार्ड आलं, आणि पुढे दरवर्षी येत राहिलं. आत दोन-तीन ओळी, बर्फ किती पडला, कोणती मादी दिसली. टिपणीसही तेवढंच लिहीत. पुण्याला ते दर आठवड्याला पत्र टाकू लागले. पहिली काही जमली नाहीत. विभावरीनं फोनवर तसं सांगितलंही. "ऑफिसच्या नोटिशीसारखं लिहिता," ती म्हणाली. तरी तिनं ती ठेवली.

दोन हजार तीनमध्ये टिपणीस नोकरी सोडून पुण्याला परतले. निघायच्या दिवशी मुश्ताकनं त्यांना दुबई विमानतळावर सोडलं. नवा पत्ता गिल्बर्टला कळवायचा राहिला होता. टिपणीसांनी विमानतळावर एक पोस्टकार्ड घेतलं, उभ्या उभ्या पत्ता लिहिला, खाली आपलं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि टाकायला मुश्ताकच्या हाती दिलं.