शिट्टी झाल्यावरचा नमस्कार

सोनईच्या स्टँडवर सकाळी सातच्या एसटीची वाट पाहत उभी होते, तेव्हा माझ्या सामानात बास्केटबॉलच्या बुटांचे दोन जोड, किलोभर शेंगदाण्याची चटणी आणि आईच्या न मोजता येणाऱ्या सूचना होत्या. निरोपाला अर्धी गल्ली आली होती. पोर परदेशात खेळायला चालली, एवढंच त्यांना ठाऊक. खरी गोष्ट घरातल्या आम्हा तिघांनाच माहीत होती. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावातल्या महिला संघाने मला सहा आठवड्यांच्या चाचणीवर बोलावलं होतं. पसंत पडले तर मोसमभराचा करार, नाही तर परतीचं तिकीट त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

"पेढे वाटून टाकू का आत्ताच?" आईने हळूच विचारलं.

"सहा आठवडं दम धर," आण्णा म्हणाले. आण्णा म्हणजे माझे वडील, शुगर फॅक्टरीत फिटर. मशीन चालवून बघितल्याशिवाय ते कुणाचंच कौतुक करत नाहीत.

मला मात्र धाकधूक नव्हती. शाळेत असल्यापासून हाच खेळ खेळतेय, पुढे दहा वर्षं जिल्ह्याच्या शहरात, सावेडीला मावशीकडे राहून रोज पहाटे सराव केला, राज्याकडून खेळले. खेळ येतो की नाही ही शंका मला कधी आली नाही. थंडीचं तेवढं बघून घेऊ म्हटलं.

विमानतळावर घ्यायला इनेश आली होती. संघातली सगळ्यात उंच मुलगी, माझी होणारी खोलीसोबतीण. सोनईत मला मागून 'उंट' म्हणणारे कमी नाहीत, पण इनेशच्या शेजारी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी मान वर करून बोलावं लागलं. रस्ताभर बारीक पाऊस, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मधूनच दगडी घरं. द्राक्षं पाहून मी म्हटलं, "आमच्या जिल्ह्यातही होतात."

"मग इथे आलीस कशाला?" ती म्हणाली, आणि आमची मैत्री झाली.

घर एका बेकरीच्या वर होतं. सकाळी खालून ब्रोआचा (मक्याच्या जाड भाकरीचा) वास यायचा. पहिल्याच दिवशी मी ब्रोआ मोडून त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तिथलं ऑलिव्हचं तेल घातलं. इनेशने एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आणलं आणि दुसरा मागितला. काल्दो व्हेर्द (हिरव्या पाल्याचं बटाटा घातलेलं सूप) मला लगेच आवडलं. बाकाल्याउशी (खारवलेल्या कॉड माशाशी) मात्र जमायला महिना गेला. देश तसा वेश मान्य, पण जिभेला कोण समजावणार?

व्यावसायिक खेळाडू म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे मोठमोठी हॉटेलं येतात. आमच्या संघात पगारी खेळाडू तिघीच. इनेश दिवसा औषधांच्या दुकानात कामाला. मी सकाळी सराव करायचे, दुपारी गावातल्या लहान मुलींना शिकवायचे, संध्याकाळी पुन्हा सराव, आणि घामाने भिजलेले कपडे घरी आणून स्वतः धुवायचे. पळसाला पाने तीनच! तरी मी खूश होते. खेळायचे पैसे मिळतायत, एवढ्यावर मी कुठेही कपडे धुवायला तयार आहे.

तिसऱ्या आठवड्यात पहिला सामना लागला, आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. शेवटची दोन मिनिटं, बरोबरीचा सामना. मी समोरच्या मुलीच्या हातून बॉल काढला. ती तोल जाऊन पडली आणि पळता पळता माझा बूट तिच्या हाताला लागला. झालं! माझा उजवा हात खाली गेला, तिच्या खांद्याला टेकला आणि माझ्या कपाळाला लागला. तेवढ्यात दुसरीने माझ्या डाव्या हातातला बॉल उचलून नेला आणि टोपलीत टाकला. त्या दोन गुणांनीच आम्ही हरलो.

आपल्याकडे हे कुणी शिकवत नाही, ते हाडात असतं. माणसाला, पुस्तकाला, ताटाला पाय लागला की हात जातो. आमच्या घरात तर जरा जास्तच. पायाखाली पाना आला तरी आण्णा तो उचलून कपाळाला लावतात. लहानपणी मी एकदा रागाने बॉलला लाथ मारली, तर त्यांनी मला तो अंगणभर शोधायला लावून त्याला नमस्कार करायला लावला होता. आपल्याकडच्या सामन्यांत दोन्हीकडच्या मुली असंच करतात, त्यामुळे तिथे कुणाचं नुकसान होत नाही. इथे माझ्या एकटीचाच हात खाली जात होता.

तेरेझा ही आमची प्रशिक्षक. पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने मला बाकावर शेजारी बसवलं.

"तुझा हात कुठे गेला होता?"

मी सगळं समजावलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. पण माझे दोन गुण गेले. माफी मागायची तर शिट्टी झाल्यावर माग. तीन आठवडे आहेत तुझ्याकडे. हात असाच जात राहिला, तर करार मी तुला देऊ शकणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून इनेशने मला शिकवायला घेतलं. ती मैदानावर आडवी पडायची, मी बॉल घेऊन पळायचे आणि ती मुद्दाम माझ्या पायात हात-पाय घालायची. शिट्टी तिच्या तोंडात. ती वाजेपर्यंत नमस्कार बंद! पहिले चार दिवस माझा हात दर वेळी निसटला. पाचव्या दिवशी थांबला, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी रडूच आलं. आपण काहीतरी वाईट शिकतोय असं वाटलं. मी घरी फोन लावला.

"आण्णा, पाय लागला तरी हात जाऊ द्यायचा नाही, असं शिकवतायत मला."

आण्णा म्हणाले, "माशीन चालू आसताना पाना पायाखाली आला, तर मी वाकतो व्हय? हात जाईल माझा. आधी माशीन बंद करतो, मंग पाना उचलतो. उशीर झाला म्हनून नमस्कार बाटत न्हाई, पोरी."

त्यानंतर माझा हात कधी घसरला नाही.

सहाव्या आठवड्यातला सामना शेजारच्या गावात होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. मी आत घुसले, तशी त्यांची नऊ नंबरची मुलगी आडवी आली आणि पडली. तिच्या पोटरीला माझा पाय लागला. मला तो अगदी स्पष्ट जाणवला. हात बॉलवरच राहिला. दोन पावलं, उडी, आणि बॉल जाळीतून खाली. सामना संपल्याची शिट्टी झाली. इनेश मला उचलायला धावत आली, तिला चुकवून मी मागे फिरले, नऊ नंबरपाशी वाकले, तिच्या पोटरीला हात लावला आणि कपाळाला लावला. तिला वाटलं मी तिचं दुखणं पाहतेय. "नाही लागलं, नाही लागलं," ती म्हणाली आणि माझाच हात धरून उठली.

कराराचा कागद तेरेझाने तिथल्याच कँटीनमध्ये, कॉफीचे कप बाजूला सारून पुढे केला. सही झाल्यावर मी घरी फोन केला. "वाटा पेढे."

मोसम संपला आणि मी मे महिन्यात परत आले. तारकपूर स्टँडवर सोनईची एसटी धरली. ऊन मी म्हणत होतं, खिडकीतून इमामपूर घाटातली गरम हवा येत होती, आणि मला ती हवीहवीशी वाटत होती. शेजारी एक आजी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पांढरीपूलच्या थांब्याला ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि माझा पाय आजींच्या पायावर पडला.

माझा हात मांडीवरच राहिला.

"आगं, पाय लागला की तुझा," आजी म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितलं. मी हाताकडे पाहत राहिले. हात हलेना. माणसं उतरली, दुसरी चढली. करार मिळवता मिळवता मी हे तिकडेच ठेवून आले की काय?

तेवढ्यात कंडक्टरने डबल बेल दिली. टिंग टिंग. आणि शिट्टी झाल्यासारखा माझा हात आपला आपण खाली गेला, आजींच्या पायाला लागला आणि कपाळाला टेकला. मला इतकं हसू फुटलं की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"लई उशिरा सुचलं गं तुला," आजी म्हणाल्या.

"उशीर झाला म्हणून बाटत नाही, आजी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी कवटाळून त्या खिडकीकडे सरकल्या.

"पसर पाय. लांब हायेत तुझे."

मी सोनईपर्यंत पाय पसरून बसले.