खिडकीजवळची खुर्ची आणि माझा रुमाल

"कार्सिनोमा आहे," अमरावतीच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट पाहत सांगितलं आणि फोन वाजला म्हणून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, कार्सिनोमा म्हणजे कर्करोग, अन् तो माझ्या डाव्या स्तनात आहे, हे मला बाहेर कंपाउंडरने समजावलं. अशी बातमी द्यायची तर निदान फोन तरी बाजूला ठेवावा! मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. नापासाचा निकालसुद्धा पोरांना जवळ बसवून सांगत होते.

भाऊ अकोल्याला, म्हणून किमो तिकडे. किमोथेरपी म्हणजे सलाइनमधून चढवायचं जालीम औषध. त्यात अर्धा दिवस जातो. हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, आणि खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांवर सगळ्यांचा डोळा.

तिथे मला तेल्हाऱ्याची बेबीताई भेटली. कापसाच्या शेतात राबलेली, मोठ्या आवाजाची बाई. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातला रुमाल घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकला आणि सिस्टरला म्हणाली, "एसटीत रुमाल टाकला का जागा आपली होते. इथं काहून नाई?" तेव्हापासून ठरलं. जी आधी येईल तिने दुसरीची जागा धरायची.

माझ्या तोंडाची चव गेली तेव्हा ती ज्वारीच्या लाह्या पुढे करायची. सुई टोचताना मी डोळे मिटून प्रार्थना करायचे. एकदा ती म्हणाली, "तुमच्या येशूले माह्यंही नाव सांगजा, बाई. पण गाव सांगजा बरं. आमच्याकडे घरोघरी बेबी हाय, घोटाळा होईन." मी हसले. मग दर खेपेला मनात म्हणत गेले, प्रभू, तेल्हाऱ्याची बेबी.

पुढच्या एका खेपेला मी आधी पोहोचले आणि तिच्या खुर्चीवर रुमाल टाकला. एक नवी बाई आली, रुमाल उचलून माझ्या मांडीवर ठेवला अन् खुशाल बसली. मी तिच्यावर तुटूनच पडले. "उठा! जागा धरलेली दिसत नाही का?" ती बिचारी उठायला लागली. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "बाई, बसू द्या त्यांना. तेल्हाऱ्याच्या पेशंट मागेच वारल्या."

मागेच! आणि मला कुणी कळवलं नाही. का, तर मी नातेवाईक नव्हते.

सिस्टरकडूनच कळलं, बेबीताईला न्यूट्रोपेनिया झाला होता. म्हणजे किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि अंगात जंतूंशी लढायची ताकद राहत नाही. तिला ताप आला. कापूस वेचायचे दिवस, गावातली गोळी घेऊन ती घरीच पडून राहिली. ताप आला तर ताबडतोब या, ही सूचना कार्डामागे छापलेली होती. इंग्रजीत! तेल्हाऱ्याच्या बाईला इंग्रजीत! वाचणाऱ्यांनो, किमो चालू असताना ताप अंगावर काढू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि कार्डावरचं कळत नसेल तर मराठीत सांगितल्याशिवाय डॉक्टरांना सोडू नका. लाजायचं त्यांनी.

घरी वहिनी म्हणाली, "चार दिवसाची ओळख, तेही दवाखान्यातली. कायले इतकं मनाले लावून घेता?" मी सांगून टाकलं, बस झाली किमो, त्या हॉलमध्ये मी पुन्हा पाय ठेवणार नाही. भाऊ घाबरला. त्याने आमच्या चर्चच्या पाळकांना घरी बोलावलं. तेही म्हणाले, "अशा ओळखी तात्पुरत्याच असतात, बाई. देवाची काही योजना असते."

माझं डोकंच सणकलं. "तात्पुरत्या? प्रभूची अन् शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराची ओळख किती वर्षांची होती हो, पाळकसाहेब? मरणाच्या दारातली ओळख! प्रभू त्याला म्हणाला का, तू माझा कोण लागतोस? सोबत स्वर्गात घेऊन गेला त्याला! आणि योजनेचं म्हणाल तर सूचना इंग्रजीत छापणं ही देवाची योजना नाही. ती माणसांची करणी आहे!"

वहिनी चहा टाकायला आत गेली. आणि मग माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. चोराने तरी काय मागितलं होतं? माझी आठवण ठेव, एवढंच. बेबीताईनेही तेच मागितलं होतं, फक्त गाव जोडून.

मी किमोला गेले. तापाची सूचना मराठीत लिहून भिंतीवर लावल्याशिवाय सुई टोचू देणार नाही म्हणून अडून बसले, आणि लावून घेतली. राग तेव्हा होता, आज उपचार संपून केस परत आले तरी आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या दिवशी सूचना लागल्यावर मी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. ती नवी बाई आली, मला पाहिलं आणि मुकाट्याने पलीकडच्या कोपऱ्याकडे वळली.

"इकडे या," मी म्हणाले. "तुमच्यासाठीच धरली आहे."

ती बिचकत बसली. मी नाव विचारलं.

"रुखमा."

"आणि गाव?"

"मूर्तिजापूर. काहून?"

"एका ठिकाणी सांगायचं आहे."

सिस्टरनी सुई टोचली. मी डोळे मिटले. प्रभू, मूर्तिजापूरची रुखमा. आणि तेल्हाऱ्याची बेबी तुझ्याकडे पोचली असेल. तिला खिडकीजवळ बसव.