गाडी तिकडे, भोंगामामा इकडे

सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका चालवता चालवता त्याचे केस पिकले. गाडीचा भोंगा केव्हाच बिघडलेला. दुरुस्तीचं नाव कोण काढतो! मग हाच खिडकीतून मुंडकं काढून "सरका, सरका!" असा बोंबलायचा. गावानं नाव ठेवलं भोंगामामा. त्याचा आवाज आला की म्हातारीकोतारीसुद्धा टुणकन बाजूला व्हायची. बायको म्हणायची, "घरात तरी हळू बोला हो, मी काय रस्त्यात उभी आहे?"

मग प्रांताचे दोन तुकडे झाले. वाटणीला शहाणे बसले. शहाणे कसले, दीडशहाणे! दवाखाना इकडे आला म्हणून गाडी तिकडे दिली, आणि माणसं ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे वाटली. त्यामुळे ड्रायव्हर राहिला इकडेच. तिकडे चालवायला कोणी नाही, म्हणून गाडी नव्या नाक्यापलीकडे झाडाखाली नुसतीच उभी. मामा रोज जाऊन लांबून बघून यायचा. लोक चेष्टा करायचे, "काय मामा, सासरी दिलेली लेक बघायला निघालात?" तोही हसायचा.

एका दुपारी बायकोनं छाती धरली. घामानं नुसती निथळत होती. शेजारच्या भाजीवाल्याला तिच्याजवळ बसवून मामा नाक्याकडे धावत सुटला.

"साहेब, पाया पडतो, किल्ली द्या! ड्रायव्हर मीच, पेशंट माझी बायको. दवाखान्यात सोडतो आणि गाडी परत आणून लावतो."

पलीकडचा साहेब काही वाईट माणूस नव्हता. "मामा, गाडी आमच्या प्रांताची, तुम्ही त्यांच्या. दोन्हीकडची परवानगी लागते. माझी नोकरी जाईल हो."

"अहो, परवापर्यंत मीच चालवत होतो ना!" मामा भर रस्त्यात ढसाढसा रडला. साहेबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. किल्ली मात्र खिशातून बाहेर आली नाही.

तो घरी परतला तेव्हा भाजीवाल्यानं हातगाडी रिकामी केली होती. दोघांनी तिला वर निजवलं. भाजीवाला ढकलू लागला, मामा पुढे धावू लागला. "सरका! सरका!" सवयीनं अख्खा रस्ता बाजूला झाला. माणसं माना वळवून मागे गाडी शोधत होती.

दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं, तेवढ्यात मागे हातगाडीची चाकं थांबली.

"मामा," भाजीवाला रडवेल्या आवाजात म्हणाला, "आता सावकाश चला."

मामानं मागे वळून पाहिलंच नाही. पुढे रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, तरी तो ओरडतच राहिला, "सरका! अरे सरका!"